कलम नऊ आणि सहाशे बारा डबे

विद्यापीठाच्या नियमपालन कक्षात मी एकोणीस वर्षं कारकून होतो, आणि माझ्याइतक्या वेगाने तक्रार निकाली काढणारा माणूस त्या आवारात झाला नाही. परीक्षागृहातलं घड्याळ दहा मिनिटं मागे पडलंय, अशी एकदा तक्रार आली. ती मी सात मिनिटांत मिटवली. म्हणजे त्या घड्याळाच्या हिशेबाने ती अजून यायचीच होती. दुसऱ्या एका प्राध्यापकाने तक्रार लिहायला पेनाचं टोपण काढलं आणि ते परत लावायच्या आत मी त्यांना पोच दिली. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, पोच अजून त्यांच्याकडे असेल.

लोक मला तोंडावर झटपटराव म्हणायचे. पाठीमागे नुसतं झटपट.

कक्षाचं काम असं होतं. कुठे नियम मोडलेला दिसला, कुणाच्या जिवाला धोका दिसला, की त्याने फॉर्म भरायचा. नाव द्यायची भीती वाटत असेल तर निनावी भरायचा. साधी तक्रार सात दिवसांत निकाली निघाली पाहिजे, तातडीची चोवीस तासांत. आधी या मुदती नुसत्या भिंतीवर लावलेल्या असत आणि फायली कपाटात कुजत असत. मी आलो आणि एक शोध लावला. ज्या वस्तूबद्दल तक्रार असेल ती वस्तूच हलवायची. खुर्ची डुगडुगते? खुर्ची काढा. आता उभं राहावं लागतं? खोलीला कुलूप लावा. खोली बंद असते? नकाशातून खोलीचा नंबर खोडा. एका सकाळी तीन तक्रारी, तिन्ही निकाली, आणि मी चहाला मोकळा.

लिफ्ट कुरकुरते म्हणून लिफ्ट बंद केली. जिन्याचा कठडा हलतो म्हणून जिना बंद केला. कक्षाच्या मॅडमनी माझ्याकडून ही पद्धत छापून घेतली आणि सगळ्या विभागांना वाटली. मॅडम हुशार बाई. वाईट मुळीच नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे तुम्ही सगळा राग त्यांच्यावर काढाल.

आता ताईबद्दल.

ताई माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती अठराची. तिने मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, नोकरीला लावलं, आणि या भानगडीत स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. विचारलं की म्हणायची, "राहिलं कुठे? तुझ्याशीच संसार केला की. नवरा इतका छळत नाही."

ती त्याच विद्यापीठात बियाणं सांभाळायची. वनस्पतीशास्त्राच्या इमारतीच्या तळघरात एक लांबट खोली, खिडकी नाही, लोखंडी मांडण्या आणि मांडण्यांवर पत्र्याचे सहाशे बारा डबे. प्रत्येक डब्यात एकेक वाण. चौतीस वर्षं ती गावोगाव फिरून म्हाताऱ्यांच्या गाठोड्यांतून, फडताळांतून, फुटक्या मडक्यांतून हे बी गोळा करत आली होती. त्यातली दीडएकशे वाणं आता कुठल्याच शेतात उरली नव्हती. जगात होती ती फक्त त्या खोलीत. बी नुसतं ठेवून जगत नाही. दरवर्षी ती चौथा हिस्सा डबे उघडायची, मागच्या वाफ्यांत पेरायची, नवं बी धरायची आणि डबे पुन्हा भरायची. चार वर्षांत एक फेरा पुरा व्हायचा.

कीड लागू नये म्हणून खोलीत गोळ्या ठेवाव्या लागत. त्यांचा वास डोळ्यांत पाणी आणणारा. हवा बाहेर फेकायला पंखा होता, तो दोन वर्षांपूर्वी बंद पडला. ताईने चार अर्ज केले. मग खोकला सुरू झाला. मग तो इतका वाढला की ती बसून झोपायला लागली.

मी म्हणालो, "ताई, आमच्या कक्षात तक्रार टाक."

"तुझ्या कक्षात? तू पंखा काढून नेशील आणि लिहिशील, बंद पंख्याची तक्रार निकाली."

समोरच्याच्या तोंडाला कुलूप लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण मी ठरवलं. कक्षातल्या माणसाने स्वतःच्या नातेवाइकांसाठी तक्रार करायची नाही असा नियम होता, म्हणून मी निनावी फॉर्म भरायचं ठरवलं. ग्रंथालयाच्या संगणकावर, चहाच्या सुट्टीत, दुपारी चार वाजता. लिहिलं की, बियांच्या खोलीत विषारी वास कोंडतो, तिथे काम करणाऱ्या व्यक्तीच्या श्वासाला धोका आहे, व्यवस्था करावी. आणि तातडीच्या चौकोनात खूण केली. म्हटलं, जागेवर जाईन, आपलीच तक्रार आपल्याच टेबलावर घेईन, आणि आयुष्यात एकदा वस्तू हलवायच्या ऐवजी बसवेन.

ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरत होतो तोच दाढ ठणकली. तीन दिवस कुरकुरत होती, ती आता डोक्यात घण घालायला लागली. मी पायऱ्यांवरूनच दातांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरने दाढ उपटली, गोळी दिली आणि घरी पिटाळलं. मी झोपलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला, नारळाएवढा गाल घेऊन, कामावर पोचलो.

टेबलावर कागद होता. खाली मॅडमची सही. "तक्रार तातडीची. उपाय: खोली रिकामी करणे. संपूर्ण साठा विषारी संपर्कातला समजून भट्टीत जाळणे. गाडी आज दुपारी चार वाजता."

मी नसताना माझी पद्धत कुणी तरी इतक्या चोखपणे वापरली होती की एक क्षण मला कौतुकच वाटलं. पुढच्या क्षणी कागद उचलून पळालो.

मी मॅडमच्या खोलीत शिरलो.

"मॅडम, ती तक्रार मी केली आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठली?"

"बियांच्या खोलीची. निनावी. तो मीच. मी मागे घेतो."

"झटपटराव, आधी बसा. तुमच्या गालाकडे बघवत नाही."

"बसायला वेळ नाही. मागे घेतली असं लिहा, मी सही करतो."

मॅडमनी शांतपणे टेबलावरची माझीच पुस्तिका उघडली आणि बोट ठेवलं. "कलम नऊ."

कलम नऊ मला पाठ होतं. मीच लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका विभागप्रमुखावर निनावी तक्रार झाली. ते स्वतः आले आणि म्हणाले, ती मीच माझ्याविरुद्ध केली होती, आता राग गेलाय, मागे घेतो. त्याच आठवड्यात आणखी दोघे तसेच आले. तेव्हा मी लिहिलं: निनावी तक्रारदार आपणच आहोत असं कुणीही सांगितलं तरी ते मानू नये, आणि तो कोण आहे हे शोधण्याचा कुणीही प्रयत्न करू नये. तेव्हा माझी पाठ थोपटली गेली होती.

"पण मी खरंच तो आहे!"

"ते तिघंही हेच म्हणाले होते. एक तर रडलेसुद्धा."

"शब्द न् शब्द म्हणून दाखवतो." आणि मी म्हणून दाखवलं, सुजलेल्या गालाने, स्वल्पविरामासकट.

मॅडमचा चेहरा बदलला. "काल चारनंतर तुम्ही इथे नव्हता. मग गोपनीय तक्रार तुम्हाला दाखवली कुणी?"

आणखी बोललो असतो तर फायली सांभाळणाऱ्या आमच्या शिपायावर संशय जाऊन त्याची नोकरी गेली असती.

"मॅडम, पंखा बसवा ना. एक पंखा. सगळं मिटेल."

"पंख्याला चार विभागांच्या सह्या आणि चार महिने. रिकामं करायला चार तास. हे मला कुणी शिकवलं?" त्यांचा आवाज जरा खाली आला. "उद्या सकाळी बाहेरची तपासणी समिती येतेय. माणसाच्या श्वासाला धोका, असं लिहिलेली उघडी तक्रार मी त्यांच्यापुढे ठेवू? आणि त्या खोलीत बसणाऱ्या बाईंना उद्या काही झालं तर? मी बरोबरच वागतेय, झटपटराव. तुम्ही वागला असता तसंच."

मी माझीच पुस्तिका मिटली आणि बाहेर आलो.

ताईच्या विभागप्रमुखांना फोन लावला. ते परगावी परिषदेला गेले होते. फोन बंद. त्यांच्या कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं, सरांचं भाषण चालू आहे, विषय, नाहीशी होणारी वाणं कशी वाचवावीत. सर साडेपाचला मोकळे होतील.

दीड वाजता मी तळघरात उतरलो. दारावर पिवळी चिकटपट्टी लावून झाली होती. आत ताई पाठमोरी, एका डब्यावर नवी चिठ्ठी चिकटवत होती. खोलीत पाऊल टाकलं आणि माझे डोळे चुरचुरायला लागले.

"आलास? दाढेचं काय झालं? दाखव." तिने माझी हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला. "अरे देवा. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्यास का? नसतीलच केल्या."

"ताई, ही पट्टी..."

"सकाळी दोन माणसं लावून गेली. म्हणाली, काही तरी व्यवस्था होतेय. मला वाटलं, पंखा आला." ती हसली आणि हसता हसता खोकायला लागली, मांडणी धरून, वाकून. मी थांबलो. तिचा खोकला संपायची वाट बघताना मी भित्र्यासारखा मनात म्हणत होतो, थोडा वेळ आणखी चालू दे.

मग सांगितलं. सगळं. तक्रार, तातडीची खूण, दाढ, कलम नऊ, गाडी.

ती खाली बसली नाही, ओरडली नाही. हातातली चिठ्ठी नीट चिकटवली, अंगठ्याने कडा दाबल्या. मग म्हणाली, "तू केलीस?"

"तुझा खोकला..."

"मी विचारलं, तू केलीस का?"

"हो."

"पिट्या," ती म्हणाली. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला त्या नावाने हाक मारणारी जगात ती एकटीच होती. "मला विचारायचं होतंस रे. मी खोकून मेले असते तरी चाललं असतं. या बियाण्याला दुसरं कुणी नाही."

मी म्हणालो, उचल, घरी नेऊ, जेवढं नेता येईल तेवढं. डबे मोजलेले, ते नेता येत नव्हते, पण खिसे होते, तिची पिशवी होती, माझी टोपी होती. तिने पिशवी उघडली. पहिल्या मांडणीपाशी गेली. एक डबा काढला, काळ्या डोळ्याचा वाल, चार मुठी टाकल्या. दुसरा काढला. परत ठेवला. तिसरा काढला, झाकण उघडलं, बंद केलं. "हा दोन वर्षं उगवला नव्हता," ती म्हणाली, "गेल्या वर्षी सात रोपं आली." चौथ्यावर हात ठेवून ती उभीच राहिली.

"ताई, घे ना. कुठलाही घे."

"कुठलाही म्हणजे कुठला?"

"जो कुठेच नाही तो."

"दीडशे आहेत तसले. आणि बाकीचे सगळे कुठे ना कुठे आहेत हे मला कोण लिहून देणार?" तिने पिशवी खाली ठेवली. "मला नाही निवडता येत. तू निवड."

मला वांग्याचं बी आणि मिरचीचं बी ओळखता येत नव्हतं. मी टोपीत काय भरलं ते देवाला ठाऊक. अर्ध्या तासात आम्ही दोघांनी मिळून अकरा वाणं घेतली. उरली सहाशे एक.

तीन वाजून दहा मिनिटांनी बाहेर ट्रकचा आवाज आला. लवकर. आयुष्यभर मी सरकारी गाडी उशिरा आलेली पाहिली, तीच एक लवकर आली.

भट्टीवाला जाडजूड माणूस, हातात रबरी मोजे. दारातून डोकावला आणि नाकाला रुमाल लावला. "हेच का ते? मला वाटलं, औषधांच्या बाटल्या असतील."

"बी आहे," ताई म्हणाली.

"कसलं बी?"

"खायचं. पेरायचं."

त्याने एक डबा उघडून पाहिला, दोन दाणे तळहातावर घेतले. "हा मका आमच्या आजोबांकडे असायचा. जांभळा. वीस वर्षं झाली, बघितला नव्हता." दाणे परत डब्यात टाकले. "बाई, मला वाईट वाटतं. पण भट्टी पेटवून आलोय मी. संध्याकाळच्या पावतीवर डबे लिहून द्यावे लागतात मला. तुमचा कागद बदलून आणा, मी आनंदाने रिकामा जातो."

"थांबाल का जरा?"

"चार वाजेपर्यंत थांबेन. पण माणसं भरायला सुरुवात करतील. ती मला विचारत नाहीत, रोजावर आहेत."

दोघा माणसांनी पहिली मांडणी उचलायला घेतली. पत्र्याचे डबे एकमेकांवर आपटायला लागले. तो आवाज ऐकताना माझ्या डोक्यात, दुखऱ्या दाढेच्या खड्ड्यापासून कुठून तरी, माझीच पुस्तिका पानापानाने उलगडायला लागली. जाळायचं काय, ठेवायचं काय, कशाला हात लावायचा नाही. हात लावायचा नाही!

"पुरावा," मी म्हणालो.

"काय?"

"ताई, पुरावा जाळता येत नाही. एखाद्यावर गैरवर्तनाची तक्रार आली, चौकशी लागली, की त्याच्या ताब्यातली प्रत्येक वस्तू पुरावा. त्याच मिनिटाला सील. चौकशी संपेपर्यंत कुलगुरूसुद्धा हात लावू शकत नाहीत."

"मग लाव चौकशी."

"कुणावर?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मला पाढे येत नसताना पाहायची. "खोली कुणाच्या ताब्यात आहे?"

"ताई, नाही. तुला निलंबित करतील. लगेच. या आवारात पाऊल ठेवता येणार नाही. निवृत्तीला आठ महिने उरलेत तुझ्या."

"कागद काढ."

"खोटी तक्रार लिहिली तर दोघंही..."

"खोटी कशाला? खरी आहे." ती भराभरा बोलायला लागली, मध्ये खोकत. "लिही. वहीत नोंद न करता बी बाहेर नेलं. नऊ वर्षं. पाण्याच्या टाकीशेजारच्या गच्चीवर बादल्यांमध्ये पेरलं. बागेत काम करणाऱ्या बायकांना वाटलं. विभागप्रमुखांनी नाही म्हटलेलं असताना वाटलं. लिहिलंस?"

मला हे काहीच माहीत नव्हतं. गच्चीवरच्या बादल्या मी पाहिल्या होत्या, वाटलं होतं, म्हातारपणीचा छंद.

"हे सगळं खरं?"

"बी कोंडून ठेवायचं असतं का रे? दहा हातांत असेल तर जगतं. विद्यापीठाची मालमत्ता आहे ना, लिही, मालमत्तेची चोरी. चोरी शब्द लिही, नाहीतर तुझ्या मॅडम समज देऊन सोडतील."

"निनावी करू?"

"परत निनावी?" ती खरंच हसली. "कलम नऊ विसरलास? निनावीवर सही कोण करणार? नाव घाल. भावाचं. छान दिसेल."

कक्षातल्या माणसाने नातेवाइकाच्या बाजूने तक्रार करायला बंदी होती. विरुद्ध करायला नव्हती. असं कुणी करेल, हे मला ते नियम लिहिताना सुचलंच नव्हतं.

मी सही केली तेव्हा साडेतीन वाजले होते. पळालो.

आता ऐका, देव कसा हिशेब ठेवतो. आमचा कक्ष मुख्य इमारतीत, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद, मी बंद केलेली. जवळचा जिना बंद, मी बंद केलेला. दोन इमारती जोडणारा पूल होता, त्याच्या फरश्या घसरतात म्हणून त्यावर भिंत बांधून घेतली होती, तीही मीच. उरला होता मागचा जिना, त्याच्या दाराचं कुलूप कुरकुरतं म्हणून मी तीननंतर कडी आतून लावायचा नियम केला होता. दार वाजवून वाजवून हात सुजले, गालाच्या जोडीला. शेवटी आतून कुणी तरी कडी काढली आणि मला बघून म्हणालं, "झटपटराव, सावकाश!" 'सावकाश' हा शब्द मला आयुष्यात कुणी म्हटला नव्हता.

मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला तेव्हा तीन चौपन्न झाले होते.

त्यांनी वाचला. परत वाचला. "या तुमच्या बहीण ना?"

"हो."

"आणि हे खरं आहे?"

"खरं आहे."

"झटपटराव, हा कागद मी नोंदवला की मला थांबता येणार नाही. त्यांना आज, आत्ता, फाटकाबाहेर काढावं लागेल. चौकशीत दोष सिद्ध झाला तर चौतीस वर्षांची नोकरी जाईल. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?"

"मॅडम, शिक्का."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं, मला खात्री आहे. बाई मूर्ख नव्हत्या. त्यांनी शिक्का उचलला आणि फोनही उचलला. "सुरक्षा? बियांच्या खोलीला सील. आत्ता. हो, आतल्या सगळ्या साठ्यासकट." मग कागदाच्या कोपऱ्यात वेळ लिहिली आणि हळूच म्हणाल्या, "चाळीस सेकंदांत नोंद. तुमचा विक्रम मोडला."

मी खाली पोचलो तेव्हा दारावर लाल लाखेचं सील होतं आणि सुरक्षारक्षक ताईच्या हातून किल्ल्यांचा जुडगा घेत होता. ट्रक सुरू होता.

"किती चढले?" मी भट्टीवाल्याला विचारलं.

"सदतीस. बाकी सगळं आत आहे."

"ते उतरवा."

"सील खोलीला लागलंय, गाडीला नाही. गाडीतलं पावतीवर लिहून झालंय." त्याने ताईकडे बघितलं नाही. "मला घर आहे हो."

ताई ट्रकच्या मागे जाऊन उभी राहिली. मला वाटलं, चाकाखाली जाईल. पण ती फक्त डब्यांचे नंबर वाचत होती, मोठ्याने, एकेक, फळीच्या फटीतून दिसत होते तेवढे. अठ्ठावीस वाचले. मग गाडी हलली. जांभळ्या मक्याचा डबा त्या सदतिसांत होता की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. भट्टीवाल्यालाच ठाऊक, आणि त्याचा कोट जरा फुगलेला दिसत होता, असं मला तरी वाटलं.

रक्षक म्हणाला, "बाई, फाटकाबाहेर चला." तो तिला रोज सकाळी उठून उभा राहून नमस्कार करणारा माणूस. जाताना तिची पिशवी त्याने उचलली. आत काय आहे ते बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं.

फाटकाबाहेर पदपथाच्या कडेला ती बसली. मी शेजारी बसलो. खोकली, पदराने तोंड पुसलं. मग विचारलं, "चौकशी किती दिवस चालते?"

"कितीही. वर्ष. दोन वर्षं. पुरावा सुरक्षित राहील तोवर."

"दोन वर्षांत निम्मे डबे मरतील. यंदाच्या पेरणीला पंचवीस दिवस आहेत."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी सहाशे डबे आगीतून काढून थडग्यात ठेवले होते. "मग मी लवकर संपवतो. तारीख मीच लावतो ना, उद्याची लावतो."

"लवकर संपली, मी सुटले, तर पुरावा मोकळा. मग तुझ्या पहिल्या तक्रारीची गाडी परत येणार."

"आणि तू दोषी ठरलीस तर..."

"तरी येणार."

आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो. विद्यार्थी सायकलींवरून जात होते. मी एकोणीस वर्षांत हजारो तक्रारी निकाली काढल्या, आणि आता लवकर संपलं तरी मरण, उशीर झाला तरी मरण.

"पिट्या," ती म्हणाली, "चोरीचा माल खरंच विद्यापीठाचाच होता, हे चौकशीत कसं ठरवतात?"

"तपासतात. गच्चीवरचं आणि खोलीतलं ताडून बघतात."

"बी बघून नेमकं वाण कळत नाही. कुणालाच नाही. मलासुद्धा दाण्यावरून सांगता येत नाही. उगवून, फुलून, फळ धरल्यावर कळतं." ती सरळ बसली. "प्रत्येक डब्यातलं थोडं पेरायला लागेल. पाचशे पंचाहत्तर डबे. आणि पुढच्या हंगामात ताडून बघायला परत पेरायला लागेल."

मी खिशातून पेन काढलं. टोपण दाताने काढायला गेलो आणि दाढेच्या कळेने डोळ्यांपुढे काजवे चमकले. एका कोऱ्या तक्रार-फॉर्मच्या पाठीमागे लिहायला घेतलं: चौकशीची पद्धत. पुराव्याची तपासणी, पेरून.

"कोण पेरणार, तेही लिही," ताई म्हणाली.

"कोण?"

"ज्याला येतं तो. आरोपी. पहाऱ्यात."

मी लिहिलं. मॅडम यावर सही करतील की नाही मला माहीत नव्हतं. समिती गेल्यावर कदाचित करतील. कदाचित कागद माझ्या तोंडावर फेकतील. ते उद्याच कळणार होतं.

ताईने कागद ओढून घेतला, वाचला, एक शब्द खोडला, परत दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या सदतीस डब्यांबद्दल मी तुला कधी माफ करणार नाही. समजलं ना?"

"समजलं."

"मग आता त्यांची नावं सांगते. अठ्ठावीस मी वाचलेत, बाकीचे नऊ मांडणीवरून आठवतील. कुठून आणले, कुणी दिले, सगळं. लिहून घे."

मी दुसरा फॉर्म उलटा केला.